वीस रुपयांची पावती

तापी समुद्राला मिळते तिथे हजीरा आहे. खताचे, पोलादाचे, वायूचे कारखाने आणि बंदर. इथून निघालेली वायुवाहिनी मध्य प्रदेशातल्या विजयपूरवरून उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत जाते. २०२० पासून घोघ्याची रो-रो बोटही इथूनच सुटते. या सगळ्याच्या मध्ये सुवाली, दामका, मोरा ही जुनी गावं अजून नांदती आहेत. तापीच्याच काठाकाठानं पोटासाठी खाली आलेली खानदेशी माणसंही या भागात पुष्कळ. त्यांची वस्ती मुख्यतः सुरतेत, उधना-लिंबायतकडे. अशा या हजीऱ्याजवळ एक कॉलेज होतं आणि कॉलेजात एक रेडिओ केंद्र होतं, असं समजा.

अशा केंद्राला परवानगी असते ती लहान ट्रान्समीटरची, शंभर वॉटची. आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो आणि विरतो. दामक्यात ऐकू यायचं, उधन्यात नाही. म्हणून इंटरनेटवरून तेच प्रक्षेपण सोडलेलं होतं. शनिवारी संध्याकाळी तासभर लोकांचा कार्यक्रम असायचा. मच्छीमार बाया नदीच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाबद्दल आणि घटलेल्या मासळीबद्दल बोलायच्या, कामगार आपापल्या बोलीत गाणी म्हणायचे. अहिराणी गाण्यांना सगळ्यांत जास्त मागणी होती.

पावसाळ्यात एका रात्री वीज कडाडली आणि ऑनलाइन प्रक्षेपणाचा संगणक जळाला. त्याच सुमारास सर्व्हरच्या भाड्याची मुदतही संपली. केंद्रातल्या मुलांना याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या खोलीत एफएमचा संच लागलेला असे आणि तो व्यवस्थित वाजत होता. उधन्याहून येणारा एक मुलगा एके दिवशी म्हणाला, "आमची आजी विचारते, तुम्ही बोलायचं का बंद केलंत?" तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर तीन शनिवार उलटून गेले होते.

मला या गोष्टीतली ही जागा फार महत्त्वाची वाटते. बोलणाऱ्यांना आपला आवाज बंद पडल्याचं कळलं नाही, ऐकणारीला कळलं.

मुलांनी चौकशी केली. नवा संगणक, नवी जोडणी आणि वर्षाची सेवा मिळून नव्वद हजारांचा आकडा आला. कॉलेजकडे पैसे नव्हते. मुलांनी डबा फिरवला. कारखान्यांच्या फाटकांशी पाळी सुटायच्या वेळी उभी राहिली, घोघ्याच्या बोटीच्या रांगेत फिरली. माणसं घाईत होती. कसला रेडिओ, कुठला रेडिओ, हे सांगेपर्यंत पुढे निघून जायची. डब्यात सुट्टी नाणी जमली.

मग एक कंत्राटदार पुढे आला. बंदराकडची कामं करणारा, मोकळ्या हाताचा. "नव्वद हजार मी देतो, उद्या चेक घेऊन जा. फक्त शनिवारच्या कार्यक्रमात गाळ आणि मासळी हे विषय नकोत. गाणी लावा, पाककृती सांगा. लोकांनाही तेच आवडतं."

मुलं हरखली. स्टुडिओ सांभाळणारा मुलगा म्हणाला, "दोनच विषय तर जाताहेत. बाकी सगळं वाचतंय."

दामक्याची एक मुलगी होती. तिची आई त्या शनिवारच्या बोलणाऱ्या बायांपैकी एक, आणि भाऊ मालवाहू जहाजावर. तो परक्या बंदरात बसून आईचा आवाज ऐकायचा. स्ट्रीम सुरू व्हावा ही निकड तिच्याइतकी कुणालाच नव्हती. ती म्हणाली, "दादा, माझी आई गाळाबद्दल बोलते. तिला गप्प बसवून भावाला काय ऐकवायचं?"

निर्णय होईना. त्याच आठवड्यात उधन्याची आजी नातवाबरोबर दोन बस बदलून कॉलेजात आली. पदराच्या गाठीतून तिनं सोन्याच्या मण्यांची पोत काढली आणि टेबलावर ठेवली. तिची लेक अमळनेरकडे दिलेली. शनिवारी आई इकडे ऐके, लेक तिकडे ऐके आणि रात्री दोघी फोनवर त्याच गाण्याबद्दल बोलत. "विका आणि सुरू करा," आजी म्हणाली.

आता टेबलावर एक पोत होती आणि फोनवर एक चेक वाट पाहत होता. मुलांनी बाईंकडे पाहिलं. केंद्राचं काम पाहणाऱ्या या बाई इतिहास शिकवायच्या. त्यांनी उषा मेहतांची गोष्ट काढली.

उषाबेन इथल्याच, सुरतजवळच्या सरस गावच्या. जन्म १९२०चा. १९४२च्या चले जाव चळवळीत पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारखी बदलायची. जेमतेम तीन महिने तो चालला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी चालू प्रक्षेपणात धाड घातली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं, १९४६मध्ये सुटका झाली. पुढे त्या मुंबईत प्राध्यापक झाल्या, १९९८मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

"हे तुम्ही वाचलं असेल," बाई म्हणाल्या. "पण त्या रेडिओलाही पहिली अडचण पैशाचीच होती. नात्यातल्या एका बाईंनी आपले दागिने देऊ केले. उषाबेन आणि त्यांचे सोबती ते घ्यायला कचरले. पुढे बाबूभाई नावाच्या सहकाऱ्यानं पैसा उभा केला. देश पारतंत्र्यात, दारात पोलीस, वेळ हातात नाही. तरी त्यांनी थांबून विचार केला की हे आपण घ्यावं का."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. कॉलेजांना आणि पुढे २००६पासून संस्थांना रेडिओ चालवायला मिळाला, त्यामागे त्या निकालाचं बळ आहे. "लहरी दामक्याच्या आहेत, उधन्याच्या आहेत. आपल्याकडे फक्त सांभाळायला दिल्यात. जे आपलं नाही ते विकणार कसं?"

पोत परत केली तेव्हा आजी रागावली. गरिबाचं सोनं नको का, म्हणाली. नातू खाली मान घालून उभा. दामक्याच्या मुलीनं तिचा हात धरला. "आजी, पोत घेतली तर तुम्ही एकट्याच द्याल. आम्हाला सगळ्यांकडून हवंय. तुम्ही वीस रुपये द्या, पण पहिली पावती तुमची." आजीनं वीस रुपये मोजून दिले आणि पावती घडी करून गाठीत ठेवली. कंत्राटदाराला मुलांनी त्याच दिवशी नम्रपणे नकार कळवला.

आता नव्वद हजार वीस-वीस रुपयांनी कसे उभे राहणार? उत्तर उधन्याच्या त्या नातवानं शोधलं. त्यानं आधी नव्वद हजारांचीच उलटतपासणी केली. बोलण्याचा कार्यक्रम १२८ केबीपीएसवर पाठवायची गरज नसते. ६४वर पाठवला तर ऐकणाऱ्याला तासाला सुमारे २९ एमबी लागतात, ३२वर त्याच्या निम्मे, आणि बोलणं तरीही स्वच्छ पोचतं. आइसकास्ट नावाचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पैसे हवेत ते भाड्याच्या साध्या सर्व्हरला, एका जुन्या पण धडधाकट संगणकाला, बॅटरीला आणि विजेपासून वाचवणाऱ्या अर्थिंगला. आकडा तीस हजारांवर आला. साठ हजार कुणाकडे मागायचीच गरज नव्हती. मागण्याआधी किती लागतं हे तपासणं हा मागणाऱ्याचा पहिला धर्म आहे, आणि आपल्याकडे वर्गणी गोळा करताना तो फार क्वचित पाळला जातो.

मुलांनी डबा ठेवून दिला आणि पावतीपुस्तक घेतलं. फाटकांऐवजी घरं गाठली. दामक्यात, मोऱ्यात, उधन्याच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत. आधी विचारायचं, "तुम्ही काय ऐकता?" वर्गणीचं नंतर. काहींनी पैसे दिले नाहीत, कार्यक्रमाची वेळ चुकीची आहे हे सांगितलं. रात्रपाळीच्या कामगारांसाठी सकाळी पुनःप्रक्षेपण हवं, ही मागणी तिथूनच आली.

पहिल्या शनिवारी मुलांनी एफएमवर देणाऱ्यांची नावं वाचली. सोमवारी मोऱ्याची एक बाई केंद्रात येऊन म्हणाली, "बेन, नावं नका वाचू. माझ्या शेजारणीकडे वीस रुपये नव्हते. तिनं काल रेडिओ लावला नाही." पुढच्या शनिवारपासून नावं बंद झाली. फक्त किती जमले, कशावर किती गेले आणि किती बाकी आहेत, एवढंच वाचू लागले. सर्व्हरचं बिल वाचलं, अर्थिंगच्या तांब्याच्या पट्टीचंही वाचलं.

हिशेब ऐकून वर्गणी वाढली. नवरात्र संपता संपता तीस हजार भरले आणि वर थोडे उरले.

स्ट्रीम सुरू झाला त्या शनिवारी पहिला विषय गाळाचाच होता. दामक्याच्या बाया तासभर बोलल्या. गाण्याला वेळ उरला नाही, म्हणून उधन्याची आजी चिडली आणि पुढच्या शनिवारची पहिली वीस मिनिटं तिनं आपल्यासाठी लिहून घेतली. जहाजावरच्या भावाचा निरोप आला की आवाज मध्येच तुटतो. नातवानं ६४वरून ३२वर आणलं, मग तुटला नाही.

सर्व्हरचं भाडं दरवर्षी असतं. पुढच्या पावसाळ्याआधी मुलं पुन्हा जमली तेव्हा कुणीतरी म्हणालं, भाव वाढलेत, वर्गणी पन्नास करू. प्रश्न शनिवारच्या कार्यक्रमात मांडला गेला. दामका, मोरा आणि उधना मिळून तासभर वाद झाला आणि ठरलं की वर्गणी वीसच राहील, माणसं वाढवायची. नवं पावतीपुस्तक छापायला गेलं.