आधी पाहणं

थोडा वेळ बस. अलिबागच्या किनाऱ्यावर, ओहोटी लागलेली असताना, कुलाबा किल्ल्याकडे तोंड करून. बारावीनंतर ॲनिमेशनला जायचं तुझ्या मनात आहे. घरात फीचे आकडे, कोर्सची नावं, नोकरी मिळेल का, हे सगळं बोलून झालंय. ते आत्ता बाजूला राहू दे. श्वास सावकाश होऊ दे.

समोरून घोडागाडी किल्ल्याकडे निघाली आहे. गाडी नको, फक्त घोडा बघ. कोरड्या वाळूत तो पाय कसा टाकतो, आणि पाणी लागल्यावर गुडघा किती वर घेतो? मान कधी खाली जाते? ओढ नेमकी कुठे जाणवते, खांद्यात की पाठीत? घाई करू नकोस. एकच पाय धर आणि त्याच्यासोबत चाल.

आता डोळे मिट. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. हाताने काढणारे बहुतेक जण एक चित्र दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. घोड्याचं एकच पाऊल मनात बारा चित्रांत मांड. पहिलं सोपं येईल, शेवटचंही. मधली पुसट होतील. जिथे पुसट झालं, तिथे तुझं पाहणं कमी पडलं. डोळे उघड, पुन्हा बघ.

याच किनाऱ्यावर, किहीमला, 1930 साली पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली हातात नोकरी नसताना सुगरणीची घरटी पाहत बसले होते. नर एकामागून एक घरटी बांधतो आणि मादी घरटं पसंत करते, हे त्यांनी तिथे टिपलं. नुसतं बसून, रोज तेच पाहून. मला वाटतं, ॲनिमेशनचा पहिला वर्ग असाच भरतो.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही एकदा जाऊन ये. डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताजवळ गप्प उभा राहा. मूर्तीचा भाव कुठल्या रेषेने बदलतो, ते बघ. असा हात परीक्षेने तयार होत नाही, जाणत्याच्या शेजारी बसून होतो.

आपल्या देशातलं ॲनिमेशनही तसंच उभं राहिलं. 1956 साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या राम मोहन यांची पदवी रसायनशास्त्राची होती. पुढे त्यांच्याकडे काम करत गीतांजली राव शिकल्या. त्या मुंबईच्या जे. जे. या कलासंस्थेतल्या. त्यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ला 2006 साली कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये पारितोषिकं मिळाली. हे सावकाश मनात घोळव: दोघांच्याही हातात ॲनिमेशनची पदवी नव्हती, पण दोघांनाही शेजारी बसून शिकायला मिळालं.

पदवी नकोच, असं मी म्हणत नाही. आज वाटा आहेत, आणि चांगल्या आहेत. शाळेत असशील तर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दे. त्यानंतर जे. जे., अहमदाबादची डिझाइन संस्था एनआयडी; पदवीनंतर सीड परीक्षेतून पवईच्या आयआयटीमधलं डिझाइनचं केंद्र आयडीसी. एनआयडी आणि आयडीसीच्या प्रवेशपरीक्षांत चित्र काढायला लावतात. तिथे आजचं हे बसणं कामाला येईल. सॉफ्टवेअरची चिंता शेवटी कर. ब्लेंडर फुकट मिळतं, आणि 2025 साली ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ त्यातच बनला.

आता स्वतःला एकच विचार. पडद्यावरचं पात्र हलताना बघायला तुला आवडतं, की ते हलवण्यासाठी दिवसभर एकाच पावलावर बसायला? उत्तर लगेच देऊ नकोस. आठवडाभर रोज ओहोटीला ये, वही भरत राहा. पाठ अवघडली, कंटाळा आला, तरी दुसऱ्या दिवशी यावंसं वाटतंय का, त्याकडे लक्ष ठेव.

मग आईबाबांना घेऊन संस्था बघायला जा. तिथे तीन गोष्टी विचार: पहिल्या वर्षी मुलं कागदावर रोज काढतात का? जिवंत माणसं आणि जनावरं समोर ठेवून रेखाटतात का? मागच्या मुलांनी पूर्ण केलेली फिल्म दाखवता का? जिथे या प्रश्नांऐवजी आधी हप्त्यांचं बोलतील, तिथे पैसे भरू नका.