रात्रभर जळणारा दिवा

कितीतरी घरांत रात्रभर झिरोचा बल्ब जळतो. तो वीज खातच नाही, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तारेचा हा जुना बल्ब साधारण १५ वॅटचा असतो. रोज दहा तास लावला, तर महिन्याला साडेचार युनिट!

रात्री वाट दिसण्यापुरता उजेड अर्ध्या वॅटचा एलईडीही देतो, पाव युनिटाच्या आत.

तारेच्या बल्बमधली ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. निळ्या एलईडीमुळे काटकसरीचा पांढरा दिवा शक्य झाला आणि निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, अमानो, नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

स्वयंपाकघरातल्या ६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी लावला, तर रोजच्या पाच तासांत महिन्याला साडेसात युनिट वाचतात. घरात सर्वांत जास्त वीज खाणारा जुना दिवा आधी बदलावा.