जोडे शिवणारा पाळक

“जोडे शिवणारा पुढे केवढा मोठा झाला!” असे विल्यम कॅरे यांच्याविषयी आपण कौतुकाने म्हणतो. ह्या कौतुकात त्यांच्या पहिल्या धंद्याविषयीची आपली तुच्छता तर दडलेली नाही ना?

१७६१ साली इंग्लंडमधील पॉलर्सपरी ह्या खेड्यात जन्मलेले कॅरे चौदाव्या वर्षी जोडे शिवण्याच्या कामी उमेदवार म्हणून लागले. पुढे मोल्टन गावी ते बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. परंतु मिळकत तुटपुंजी, म्हणून हातची आरी सुटली नाही. १७९३ साली ते बंगालमध्ये आले. १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठी कोश त्यांनी प्रसिद्ध केला. १८३४ साली, बहात्तराव्या वर्षी, ते निवर्तले.

एका मेजवानीत कोणी त्यांच्या जुन्या धंद्याचा खोचक उल्लेख केला, तेव्हा “जोडे बनवणारा नव्हे, केवळ दुरुस्त करणारा होतो,” अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात. नम्रता म्हणजे स्वतःला हीन लेखणे नव्हे. जे खरे ते न लाजता सांगणे होय.

सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूपुढे आपण गुडघे टेकतो. मग आपल्या मुलाने हातात रंधा घेतला, तर आपली मान खाली का जावी?