निदानानंतरचा काळ

अल्झायमरमध्ये विस्मरण अलीकडून पलीकडे सरकत जाते. नव्या आठवणी रुजवणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग आधी बाधित होतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण शाळेतली कविता तोंडपाठ असते. त्यामुळे घरचेही फसतात आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवतात. वास्तविक १९०१ साली फ्रँकफुर्टला अलॉइस अल्झायमर यांनी तपासलेली ऑगस्टे डेटर अवघी ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत प्रथिनांचे साके आणि तंतूंचे गुंते आढळले. हा आजार आहे, नुसते म्हातारपण नव्हे.

बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांतही विसर पडतो आणि त्यावर उपाय असतात. म्हणून तपासणी लांबवू नये. डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ लक्षणे सावरतात, आजार मात्र थांबवत नाहीत.

निदान झाले की ते रुग्णापासूनच लपवण्याची पद्धत आहे. हेतू मायेचा, पण परिणाम अन्यायाचा. कारण स्वतःविषयी निर्णय घेण्याची कुवत सुरुवातीच्या काळातच शाबूत असते. मृत्युपत्र करताना मन शाबूत असावे लागते. मुखत्यारपत्राचे तर आणखी विचित्र: १८७२ च्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपुष्टात येते. ज्या दिवसासाठी करून ठेवले, त्याच दिवशी ते निरुपयोगी! बँक, घर, उपचार यांबद्दल रुग्णाची इच्छा म्हणूनच लवकर विचारावी.

पुढे रोजच्या जगण्याची कसोटी लागते. अनेकांची बेचैनी संध्याकाळी वाढते. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ असा धोशा सुरू होतो. ‘हेच तुमचं घर’ हे उत्तर खरे असले तरी कामाचे नाही. फाटकापर्यंत चक्कर मारून आणली, चहा पुढे ठेवला, की बहुधा मन निवळते. गेलेल्या आईची चौकशी झाली, तर ती वारल्याचे दरवेळी सांगणे म्हणजे दरवेळी नवे सुतक. तिच्या आठवणी काढाव्यात. वाद घालून गेलेली स्मृती परत येत नाही. खोल्यांतील सामान हलवू नये, शौचालयाच्या दारावर ठळक चित्र लावावे, खिशात पत्ता व फोन नंबर ठेवावा.

हे सारे बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा मुलगी एकटीच निभावते. बाकीच्या नातलगांनी फोनवरून सल्ले देण्याऐवजी आठवड्यातला एक दिवस स्वतःकडे घ्यावा.