सगळ्यात भारी बारा

पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवून बाबा म्हणाले, “यातली सगळ्यात भारी दहा-बारा काढ आणि पेन ड्राइव्हवर घाल. सगळ्यांना द्यायचीत.”

ट्रंकेत ४३ कॅसेटी होत्या. बहुतेक साठ मिनिटांच्या, काही नव्वदच्या, मिळून पन्नासेक तास. त्यातून साधारण सत्तर मिनिटं निवडायची, म्हणजे दोन-अडीच टक्के. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ढिगातून हवं ते गाळून काढणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे दोन शनिवार-रविवार पुरतील असं वाटलं. तीन महिने लागले. आणि त्या तीन महिन्यांत ‘सगळ्यात भारी’ या दोन शब्दांवरचा माझा विश्वास बराच कमी झाला.

कॅसेटी बाबांच्या बेंजो पार्टीच्या. लालबागच्या एका चाळीतली पोरं, बहुतेक गिरणी कामगारांची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढच्या काही वर्षांत अनेक घरांत पगार नावाची गोष्टच उरली नाही. पोरांना वाजवता येत होतं. १९८६ मध्ये त्यांनी वर्गणी काढून वाद्यं घेतली आणि सुपाऱ्या घ्यायला सुरुवात केली. गणपतीचं आगमन, विसर्जन, गोविंदा, हळद, वरात. २००८ मध्ये पार्टी बंद पडली. तोवर डीजे आले होते आणि चाळीच्या जागी टॉवर उभा राहत होता. आता कुणी डोंबिवलीत, कुणी विरारला, कुणी बदलापुरात. पार्टी सुरू झाली त्याला चाळीस वर्षं होत आली म्हणून सगळे दादरला एका हॉलमध्ये भेटणार होते. त्यासाठी हा ‘बेस्ट ऑफ’.

ज्यांनी बेंजो पार्टी फक्त रितेश देशमुखच्या २०१६ च्या सिनेमात पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. जपानमधल्या नागोयात १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार झालं. त्याचा आपल्याकडचा अवतार म्हणजे बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंगाला पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडलं की झाला लालबागचा बेंजो. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. सोबत ढोलकी, ताशा, ट्रम्पेट, पुढे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. मागे हातगाडीवर जनरेटर.

विजेवर चालणारं तारांचं वाद्य, कान बधिर करणारा आवाज, पुढ्यात नाचणारी गर्दी आणि आपापसांत पैशांवरून भांडणं. रॉक बँडला आणखी काय लागतं?

त्याच काळात धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’चे कार्यक्रम व्हायचे. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ मध्ये आला. हाच बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. त्यांचे अल्बम आहेत, अल्बमना तारखा आहेत, काय कुणी वाजवलंय याच्या नोंदी आहेत. तिथून पाच-सहा किलोमीटरवरच्या बाबांच्या पार्टीचं जे काही आहे ते या ट्रंकेत. कॅसेटींवर पेनाने लिहिलेलं: ‘चिंचपोकळी ९१’, ‘गिरगाव हळद’. एकीवर नुसतंच ‘भारी’.

*

मी माझ्या सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. प्रत्येक तुकड्याला चार रकान्यांत दहापैकी गुण: आवाजाची स्पष्टता, ताल, बेंजोची सफाई, गर्दीचा प्रतिसाद. बेरीज करायची आणि वरचे बारा घ्यायचे. वाद नको, वशिला नको. बाबांचा एक लांबलचक सोलो तेराव्या नंबरवर आला. मी तो घेतला नाही आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

बाबांनी यादी दोनदा वाचली. स्वतःच्या सोलोबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, “अगं, यात नाना कुठेय?”

नाना कुठेच नव्हते.

नाना म्हणजे पार्टीतले सगळ्यात मोठे. बाकीचे कामगारांची पोरं, नाना स्वतः कामगार. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. बाकीच्यांच्या काही ना काही नोकऱ्या होत्या, नानांचं घर ढोलकीवर चालायचं. १९९३ मध्ये तेही जमेना, तेव्हा ते लांजा तालुक्यातल्या गावी परत गेले. पहिली सात वर्षं पार्टी त्यांच्या हातावर उभी होती, हे या मंडळींपैकी प्रत्येकाच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलंय.

मी शीट पुन्हा पाहिली. माझे बाराच्या बारा तुकडे १९९४ नंतरचे होते. कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या वर्षी कुणाच्या तरी मेहुण्याने दुबईहून डबल डेक आणला आणि तेव्हापासून ॲम्प्लिफायरमधून थेट वायर टाकून रेकॉर्डिंग होऊ लागलं. त्याआधीचं सगळं एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर, गॅलरीत नाहीतर हातगाडीवर ठेवून टेप केलेलं. त्यात नानांची ढोलकी शेजारच्या खोलीत कुणीतरी दार ठोठावावं तशी येते. पहिल्याच रकान्यात दोन-तीन गुण. पुढे वाजवणारा कितीही मोठा असो, बेरीज वर जाणं शक्यच नव्हतं.

म्हणजे मी टेपरेकॉर्डरला गुण देत होते आणि त्याला वादन म्हणत होते. ऑफिसात दुसऱ्याच्या कामात ही चूक मी लगेच पकडते.

*

‘बेस्ट ऑफ’चा इतिहास थोडा चाळला तरी कळतं की ‘बेस्ट’ हा शब्द कुणाच्या तरी सोयीचा असतो. ‘ईगल्स’ या अमेरिकन बँडचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ फेब्रुवारी १९७६ मध्ये आला. तो कंपनीने काढला होता आणि बँड त्यावर खूश नव्हता. डॉन हेन्लीने आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली. आणि तरी अमेरिकेत ‘प्लॅटिनम’ ठरलेला तो पहिला अल्बम. २०१८ मध्ये तो मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’लाही मागे टाकून गेला. गंमत म्हणजे या ‘सर्वोत्तम’ अल्बममध्ये ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही. ते गाणं असलेला अल्बम त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आला.

दुसरं उदाहरण ‘क्वीन’चं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारूख बुलसाराचा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचा हा बँड. त्यांचा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम आहे. पण वेगवेगळ्या देशांत त्यातली गाणी वेगवेगळी होती. अमेरिकेतल्या अल्बममध्ये ‘अंडर प्रेशर’ होतं, ब्रिटनमधल्या अल्बममध्ये नव्हतं. तिथे जे गाजलं ते तिथलं सर्वोत्तम.

यात फसवणूक नाही. विक्रीसाठी केलेली निवड विक्रीसारखीच दिसणार. माझी अडचण वेगळी होती. मला काही विकायचं नव्हतं. विकताही आलं नसतं, कारण पार्टी वाजवायची ती सिनेमाची गाणी. नुसतं अपलोड केलं तरी कुठल्या ना कुठल्या कंपनीचा कॉपीराइटचा दावा येण्याची शक्यता, म्हणून तर पेन ड्राइव्ह. माझ्यासमोर फक्त वीस-बावीस माणसं होती, जी आपल्या तरुणपणातलं सत्तर मिनिटांचं गाठोडं घरी नेणार होती. पुढे त्यांची नातवंडं तेवढंच ऐकणार. ट्रंक कुणी उघडणार नाही. म्हणजे जे माझ्या यादीत नाही, ते काही वर्षांनी घडलंच नव्हतं असं होणार.

*

सोपा उपाय होता. नानांचा एक तुकडा घालायचा. मी तसं बाबांना म्हटलं.

“दया म्हणून घालू नकोस,” बाबा म्हणाले. “त्याला लगेच कळेल.”

मग मी पहिल्या सात वर्षांच्या सगळ्या कॅसेटी हेडफोन लावून पुन्हा ऐकल्या. ‘चिंचपोकळी ९१’च्या दुसऱ्या बाजूला एक जागा आहे. बेंजो ऐन भरात असताना बाबांची तार तुटते. ट्रम्पेटवालाही थांबतो. मिरवणुकीत असं झालं की गर्दी पांगायला लागते. इथे जवळजवळ चार मिनिटं फक्त ढोलकी आहे. नाना आधी तोच ठेका धरून ठेवतात, मग लय निम्म्यावर आणतात आणि टाळ्या वाजवणारी गर्दी त्यांच्यामागे निम्म्यावर येते. मग ते हळूहळू चढवत नेतात. नवी तार लावून बाबा परत येतात तेव्हा गर्दी ओरडते. माझ्या अंगावर काटा आला.

आणि लगेच शंका आली. हे मला खरंच आवडलंय, की आवडायला हवं म्हणून आवडलंय? पहिल्या फेरीत हाच तुकडा मी ऐकला होता आणि अठरा गुण देऊन पुढे गेले होते. मधल्या काळात आवाज बदलला नव्हता. मला फक्त नानांची गोष्ट आठवली होती, गिरणी आठवली होती, बाबांचा चेहरा दिसला होता. ढोलकी ऐकायची तर माणसाची गोष्ट बाजूला ठेवावी, असं माझ्यातली इंजिनिअर म्हणत होती.

याच विचाराने अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांनी १९७० च्या दशकापासून पडद्याआड वादन-चाचण्या घ्यायला सुरुवात केली. वाजवणारा कोण हे दिसत नाही, परीक्षकांनी फक्त ऐकायचं. मला ही पद्धत मनापासून पटते. पण पडदा न्याय देतो तो दोघं एकाच खोलीत वाजवत असले तर. माझ्या पडद्यामागे एकाच्या हातात चांगला माइक होता आणि दुसऱ्याच्या तोंडावर उशी. अशा वेळी डोळे मिटून गुण देणं हा उशीचा पक्ष घेणं झालं.

शिवाय, गोष्ट माहीत असल्याने मी नानांना जास्त गुण दिले, एवढंच घडलं नव्हतं. बाबांनी ‘नाना कुठेय’ विचारल्यावर त्या खरखरीत कुठे कान लावायचा हे मला कळलं. आपुलकीमुळे माणूस पक्षपाती होतो हे खरं, पण आपुलकीमुळे तो जास्त वेळ ऐकतोही. माझ्या बाबतीत यातलं किती काय होतं, ते मला वेगळं करता आलं नाही. अजूनही येत नाही.

*

आपण फोनवर ऐकतो ती एमपीथ्री फाइल सीडीच्या मानाने अकरा पट छोटी असू शकते. मोठ्या आवाजाखाली दबणारा बारीक आवाज आपल्या कानाला तसाही ऐकू येत नाही, असं गृहीत धरून तो काढून टाकलेला असतो. बहुतेक वेळा फरक कळत नाही. पण एकदा काढलेलं त्या फाइलमधून परत आणता येत नाही. म्हणून आमच्या क्षेत्रात साधा नियम आहे: दाबून छोटं जरूर करा, मूळ प्रत पुसू नका.

हा नियम आमच्या चाळीला आधीपासून माहीत होता. माझे आजोबा तिथल्या भजनी मंडळात होते. त्यांच्याकडे दोन पुस्तकं होती. एक वारकऱ्यांची भजनी मालिका, रोज हाताळून पानं सुटलेली. कुठल्या वारी कुठले अभंग, सगळं निवडून, क्रम लावून दिलेलं. दुसरी तुकोबांची गाथा, साडेचार हजारांच्या आसपास अभंग. शंकर पांडुरंग पंडितांनी संपादित करून १८६९ मध्ये मुंबईत छापायला घेतलेली, पुढे १९५० मध्ये सरकारने पुन्हा काढलेली. मालिका म्हणजे एका अर्थाने वारकऱ्यांचा ‘बेस्ट ऑफ’च. तिच्याशिवाय संध्याकाळचं भजन उभंच राहिलं नसतं. पण मालिका आहे म्हणून गाथा रद्दीत द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली, ही कथा आपण इतकी जपतो, कारण ती संबंध गाथेची आहे, निवडक अभंगांची नाही.

निवडण्यात पाप नाही. पन्नास तास कोण ऐकणार? निवडलेलं तेवढंच होतं असं भासवण्यात आणि निवडणारीने आपलं नाव लपवण्यात पाप आहे. माझी एक्सेल शीट नेमकं तेच करत होती. ‘मी निवडलं नाही, बेरजेने निवडलं’ असं म्हणायची मला सोय होती.

म्हणून शेवटी असं केलं. ४३ च्या ४३ कॅसेटी पूर्ण, खरखरीसकट, एकही मिनिट न काढता फोल्डरांत लावल्या. त्यावर बारा तुकड्यांचं वेगळं फोल्डर. त्यात चिंचपोकळीचा तो तुकडा पहिला. आवाज साफ करण्याचं सॉफ्टवेअर मी त्यावर चालवून पाहिलं, पण खरखरीबरोबर गर्दीच्या टाळ्याही गेल्या, म्हणून तसाच ठेवला. बाबांचा सोलो अजूनही बाहेर आहे. फोल्डरचं नाव ‘बेस्ट ऑफ’ नाही, ‘निवडक’. सोबत एक पान: हे कुणी निवडलं, कशाला गुण दिले, काय चुकलं असू शकतं, आणि कोणत्या वर्षी कोण काय वाजवत होतं.

नाना दादरला येऊ शकले नाहीत. गुडघे. मी तो तुकडा त्यांच्या नातवाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला आणि फोन केला. त्यांनी तो दोनदा ऐकला होता.

“बरंय,” नाना म्हणाले. “पण पोरी, ह्याच्या आदल्या वर्षी गिरगावात वाजवलं होतं ना, ते ह्याच्याहून भारी होतं.”

मी विचारलं, ती कॅसेट कुठली?

“टेपरेकॉर्डर नव्हता आणला त्या दिवशी,” नाना म्हणाले.

त्या पानावर मी ही ओळही घातली आहे.