चाल आणि शपथ

आमच्या लहानपणी, म्हणजे १९५८-५९ च्या सुमारास, सव्वीस जानेवारीला शाळेची प्रभातफेरी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून निघत असे. पुढे चार बासऱ्या, दोन ढोल आणि एक बिगुल. आमच्या ड्रिलच्या मास्तरांना एकच चाल पक्की येत होती, 'कदम कदम बढाए जा'ची. तेव्हा देवळापासून चावडीपर्यंत आणि चावडीपासून देवळापर्यंत तीच वाजायची. मी मागच्या रांगेतला ढोलवाला होतो. ढोल वाजवणाऱ्याला एक फायदा असतो. त्याचे लक्ष सुरांकडे फारसे नसते, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे त्याला नीट दिसतात.

आमच्या शेजारच्या वाड्यात दोघे भाऊ राहत. थोरले तात्या, धाकटे नाना. तात्या मराठा पलटणीचे निवृत्त हवालदार. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकच्या टेकडीवर जी लढाई झाली, तीत ते होते. जपान्यांशी झालेल्या त्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण पुरती भाजून निघाली. नाना फौजेतच, पण मोटारहाक्ये. ते सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडले आणि पुढे आझाद हिंद सेनेत गेले. म्हणजे एक भाऊ सरकारच्या बाजूने लढत होता आणि दुसरा त्याच सरकारविरुद्ध दिल्लीकडे निघालेल्या सेनेत होता. दोघांची गाठ रणात पडली नाही, हे त्यांच्या आईचे दैव.

आता मला जे विचित्र वाटले ते असे. ही चाल नानांच्या सेनेची. पण फेरी वाड्यासमोर आली की तात्या उंबऱ्यात येऊन ताठ उभे राहत, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून. आणि नाना परसात निघून जात.

कदाचित तुम्हालाही ही चाल तोंडपाठ असेल. पण ती कुठून आली हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ती बांधली रामसिंग ठाकुरी या गुरखा जवानाने. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४ चा (हा योगायोग खरोखरच झालेला आहे), धरमशाळेजवळच्या खनियारा गावचा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते गुरखा रायफल्सच्या बँडमध्ये लागले. इंग्रजी पलटणीच्या बँडमध्ये जे शिकवतात ते सारे शिकले. मलायातल्या लढाईत त्यांची पलटण गेली आणि ते कैदी झाले. १९४२ मध्ये आझाद हिंद सेनेची जमवाजमव सुरू झाली तेव्हा या माणसाला कूचगीताची चाल बांधायचे काम मिळाले. शब्द वंशीधर शुक्ल या अवधी कवीचे मानले जातात. म्हणजे इंग्रजांना हाकलायला निघालेल्या सेनेची पावले ज्या ठेक्यावर पडत होती, तो ठेका इंग्रजांच्याच बँडमध्ये घटवलेला होता. यात मला काही विसंगत वाटत नाही. तलवार कुठे चालवायला शिकलो आणि कुठे चालवली, हा प्रश्न सगळ्याच सैनिकांचा असतो.

कूचगीत हा मोठा विलक्षण प्रकार आहे. भजनाला मनाची तयारी लागते, लावणीला रंगाची. कूचगीताला फक्त पाय लागतात. मिनिटाला सरासरी १२० पावले, रायफल पलटणींची त्याहून जलद. हा वेग माणसाच्या सहज चालीपेक्षा थोडा अधिक असतो आणि त्यातच त्याची जादू आहे. विचार करायला जितकी उसंत लागते त्याहून किंचित कमी उसंत तो देतो. मी स्वतः ढोल वाजवताना अनुभवले आहे: चाल रंगात आली की आपण कुठे चाललो आहोत हा प्रश्नच उरत नाही. मनाने अजून होकार दिलेला नसतो, पायांनी मात्र दिलेला असतो. आपल्या भाषेने गाण्याची चाल, माणसाची चाल आणि शत्रूवर करायची चाल या तिन्हींना एकच शब्द ठेवला आहे. ज्या कुणी तो ठेवला, त्याने फौज जवळून पाहिलेली असावी.

पण त्या सैनिकांपुढचा प्रश्न पायांनी सुटणारा नव्हता. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. दोन दिवसांनी गोऱ्या सैनिकांना वेगळे काढून चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानावर उभे करण्यात आले. तिथे कर्नल हंट या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना मेजर फुजिवारा या जपानी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले. पुढे कधीतरी, मी कॉलेजात असताना, नाना एकदाच त्याबद्दल बोलले. म्हणाले, "आमाला कुनी इचारलंच न्हाई बघ. मैदानावर हुबं केलं आन् सांगितलं, आजपास्नं तुमी ह्यांचं. गुरं बाजारात दावं बदलत्यात तसं. मंग मी म्हनलं, माझी शपथ त्येनीच सोडली का मी?"

हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. शपथ दोघांची असते. राजाने सैनिकाला टाकून दिले तर सैनिक मोकळा होतो काय? पुढे लाल किल्ल्यात ५ नोव्हेंबर १९४५ पासून शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला चालला, तेव्हा भुलाभाई देसाई यांनी हाच मुद्दा कायद्याच्या भाषेत मांडला: परतंत्र राष्ट्राच्या माणसांना आपल्या मुक्तीसाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, आणि परक्या राजाशी घेतलेली शपथ त्या हक्काच्या आड येऊ शकत नाही. देश त्यांच्या बाजूने उभा राहिला. न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या, पण ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जन्मठेपेची शिक्षा माफ केली.

लोकांच्या मनात निकाल लागला होता. पण त्याच फॅरर पार्कवर असेही हजारो होते ज्यांनी नकार दिला. त्यांपैकी कितीतरी जण न्यू गिनीच्या जंगलात वेठीला धरले गेले आणि उपासमारीने, मारहाणीने मेले. ते इंग्रजांचे प्रेमी होते असे नव्हे. त्यांतल्या अनेकांना एवढेच वाटत होते की एकदा दिलेला शब्द गैरसोयीचा झाला म्हणून मोडू नये. आणि ज्यांच्याबरोबर जायचे ते जपानी तरी कोण होते? सयाम-ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर मलायातले तामिळ मजूर मेले, ते याच जपान्यांच्या अमलाखाली. या नाकारणाऱ्यांसाठी कुणी चाल बांधली नाही. नकार देणारा माणूस जागच्या जागी उभा असतो; त्याच्यासाठी कूचगीत कसे बांधणार?

दिल्लीकडे निघालेली ती सेना दिल्लीला पोहोचली नाही. १९४४ च्या पावसाळ्यात इम्फाळच्या आसपासचे डोंगर सोडून ती उपाशी, तापाने फणफणलेली, ब्रह्मदेशात परतली. पुढे पाऊल टाकायला सांगणारे गाणे मागे फिरलेल्या पायांनी काय करायचे असते, हे कुठल्याही बँडमास्तरला शिकवलेले नसते. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी या गाण्यावर राजद्रोही म्हणून बंदी घातली आणि माणसांची तीन रंगांत वाटणी केली: पांढरे, करडे आणि काळे. पांढऱ्यांना फौजेत ठेवले, करड्यांना घरी पाठवले, काळ्यांना बडतर्फ करून त्यांचा चढलेला पगारही कापला. नाना करडे ठरले. हा शब्द पुढे गावात त्यांना चिकटला. लोक हसून म्हणत. मनात काही नसे, तरीही.

ऑगस्ट १९४७ मध्ये स्वातंत्र्य आले आणि गाण्यावरची बंदी उठली. १९५० मध्ये आझाद हिंद सेनेवर 'समाधी' हा चित्रपट आला. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यात या गाण्याला आपले संगीत दिले आणि ते हॉटेलांतल्या फोनोंवरून घरोघर गेले. पुढे भारतीय सेनेने ही चाल आपली म्हणून स्वीकारली. आज ती सेनेच्या कूचाची चाल आहे. विजय चौकातल्या २९ जानेवारीच्या समारंभातही ती अनेकदा वाजते.

आणि माणसे? १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवले की आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना सेनेत परत घ्यायचे नाही. मदत द्यायची, इतर सरकारी नोकऱ्या मोकळ्या ठेवायच्या, पण पलटणीत जागा नाही. कोकणातले जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ होते. ते पुढे खासदार झाले, केंद्रात उपमंत्री झाले, शाळांतून शिस्तीची राष्ट्रीय योजना चालवली. पण सेनेत परतले नाहीत. खुद्द रामसिंग ठाकुरी लखनौला उत्तर प्रदेशाच्या सशस्त्र पोलीस दलाच्या बँडमध्ये लागले. तिथेच त्यांची उरलेली नोकरी झाली, आणि २००२ मध्ये ते वारले. चाल सेनेत गेली. चाल बांधणारा पोलिसांच्या बँडमध्ये.

हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे सोपे आहे, आणि तरुणपणी मी ते मोठ्या आवाजात म्हणत असे. एका सुट्टीत तात्यांसमोरच म्हटले. ते अडकित्त्याने सुपारी कातरीत होते. म्हणाले, "चाल झकास हाय पोरा, पायात येती. पर फौजेत कवा शपथ सुटली ह्ये ज्याचं त्यानंच ठरवायचं म्हनलास, तर मंग ती फौज न्हवं, जत्रा." थोड्या वेळाने सुपारीचे खांड माझ्या हातावर ठेवीत म्हणाले, "आन् सांगशाकला आमी हुतो तवा समोर नाना असता, तर म्या गोळी घातली असती. घातली असती बघ. त्ये मला ठावं हाय, म्हून म्या हुबा ऱ्हातो."

तात्यांचे बरोबर होते असे मला वाटते. ज्या राष्ट्राला आपली सेना राजकारणापासून दूर ठेवायची होती, त्याला शपथ मोडणारी माणसे, कितीही उदात्त कारणाने मोडलेली असोत, पुन्हा पलटणीत घेणे अवघड होते. आपल्या शेजारच्या देशांचा गेल्या ७५ वर्षांचा इतिहास पाहिला की ही सावधगिरी अनाठायी होती असे म्हणवत नाही. पण निर्णय आवश्यक होता म्हणून तो न्याय्य ठरत नाही. आणि मला अन्याय दिसतो तो थोडा पुढे. माणसे घेता येत नव्हती तर तसे सांगून त्यांचे देणे मानायला हवे होते. आपण चालीचा मान केला, कारण चालीचा मान करणे सोपे असते. चाल पेन्शन मागत नाही, आपला हुद्दा विचारीत नाही, शपथेचा विषय काढीत नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची योजना आली १९७२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी. तोवर नानांनी दुसऱ्यांचे ट्रक हाकले. योजना आल्यावरही त्यांनी दोन वर्षे अर्ज केला नाही. शेवटी तात्यांनीच तो लिहवून घेतला आणि नानांचा अंगठा नव्हे, सही पाहिजे म्हणून अडून बसले. नाना सही करायला सिंगापूरच्या छावणीत शिकले होते.

सहीनंतर नाना म्हणाले होते, "आता वाजवा म्हनावं काय वाजवायचं त्ये." पण पुढच्या सव्वीस जानेवारीलाही ते परसातच गेले. का, ते मी विचारले नाही. मला वाटते, ज्याने ती चाल खरोखर चालून पाहिली होती, मागे फिरताना ज्याच्या शेजारचे एकेक पाऊल कमी होत गेले होते, त्याला आमच्या चार बासऱ्यांत त्याचे काही सापडत नसावे. किंवा फार सापडत असावे.

दोघेही आता नाहीत. २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात आझाद हिंद सेनेचे चार जुने सैनिक पहिल्यांदाच सामील झाले. मी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. चौघेही नव्वदीच्या पलीकडले, जीपमध्ये बसलेले, डोक्यावर टोप्या. चालणे त्यांना आता शक्यच नव्हते. घरात सगळे फराळाच्या टेबलाशी होते, मी आवाज मोठा केला तशी सून म्हणाली, "बाबा, जरा हळू करता का?" मी आवाज कमी केला. जीप पडद्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेली, तेव्हा मी उभा राहिलो होतो की बसलेला होतो, ते मला आठवत नाही. टाचा मात्र जुळलेल्या होत्या.