सीटवरून दिसतं तेवढं खरं

आमच्या मागच्या पडवीत एक लढाऊ विमान आहे. पंख नाहीत, शेपूट नाही, चाकं नाहीत. वैमानिक बसतो तेवढाच भाग आहे. मिराज २००० चं कॉकपिट, निदान माझ्या मते. सीट भंगारातून आणलेल्या जुन्या व्हॅनची. पहिलं पॅनेल एमडीएफचं केलं होतं, ते रत्नागिरीच्या जुलैने चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगवलं. मग मिरकरवाड्याला होड्यांची कामं करणाऱ्या एका सुताराकडून मरीन प्लाय कापून घेतलं. त्याने कागदावरची मापं बघितली, भोकं मोजली आणि विचारलं, "ह्यात बसून जायचं कुठे?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"मग भोकं एवढी नेमकी कशाला हवीत?"

तेव्हा मी हसलो. नंतर तो प्रश्न मला बराच पुरला.

ज्यांना हे वेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीसीएस नावाचं एक सिम्युलेटर आहे. त्याला 'गेम' म्हटलं की आमच्यातले काही जण रागावतात. त्यात विमान सुरू करायलाच भलीमोठी यादी असते: बॅटरी, इंधनाचे पंप, इंजिन, मग दिशादर्शक यंत्रणा जाग्यावर येईपर्यंत थांबायचं. हे सगळं कीबोर्ड-माऊसने जमतं, पण हाताला खोटं वाटतं. म्हणून आधी जॉयस्टिक येते, मग थ्रॉटल, मग आर्डुइनोचे बोर्ड. एकेका स्विचला वायर डाग देऊन जोडायची. मी इथे खटका खाली केला की पडद्यावरच्या विमानातला तोच खटका खाली जातो. समुद्राच्या हवेने दर पावसाळ्यात जोड हिरवे पडतात, ते घासून पुन्हा करायचे. शेजारचे काका अधूनमधून डोकावतात. मुंबईत कांदिवलीला गच्चीवर अमोल यादवांनी खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लागलं, हे त्यांना पाठ आहे. "त्यांचं उडणारं होतं रे," ते म्हणतात. काय बोलणार?

या सगळ्या खटक्यांत एकाचं नाव मास्टर आर्म. तो बंद असताना ट्रिगर कितीही दाबा, बॉम्ब सुटत नाही. मला तो कडक हवा होता. चुकून ढकलला जाईल असा नको, मुद्दाम बोट लावून, जोर देऊन हलवावा लागेल असा. तीन स्विच मागवले आणि परत केले. चौथा बसला, तेव्हा रात्री एक वाजता मी तो वीसेक वेळा नुसताच वरखाली केला. खट. खट. फार बरं वाटलं.

आता मला त्या 'बरं वाटण्या'बद्दल बोलायचं आहे.

नेहमीचा आक्षेप असा असतो की असले खेळ माणसाला हिंसक बनवतात. कांटने प्राण्यांबद्दल असंच काहीसं म्हटलं होतं: जनावरांशी क्रूर वागणारा माणसांशी वागतानाही निबर होतो. मला हा आक्षेप माझ्या बाबतीत फारसा लागू वाटत नाही. बाजारातून आणलेला जिवंत खेकडा मी आजही आईकडे देतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. माझा प्रश्न वेगळा आहे. मी 'खरेपणा'साठी इतका जीव टाकतो, तर तो खरेपणा कशाचा?

पहिलं यशस्वी विमान-सिम्युलेटर एका पेटीवाल्याच्या मुलाने बनवलं, हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता. १९२९ च्या सुमारास त्याने तिथलेच भाते वापरून एक छोटं, ठेंगणं विमान बनवलं. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीत असतो तसा भाता. तो फुगला की पेटारा एका बाजूला कलायचा, बसला की दुसऱ्या. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः जत्रांत आणि करमणुकीच्या बागांत. मग १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून न्यायचं काम पडलं. ढगात-धुक्यात, नुसत्या काट्यांवर विश्वास ठेवून उडण्याची सवय नसल्याने त्यांतले अनेक जण मेले, आणि लष्कराने लिंककडून सहा पेटारे घेतले. दुसऱ्या महायुद्धात असे हजारो लागले. त्या पेटाऱ्यावर झाकण असायचं. आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसता कामा नये, हीच त्या शिक्षणाची अट होती.

म्हणजे सिम्युलेटर लष्करात आला तोच माणसाचा जीव वाचवायला. पण जीव कुणाचा? आत बसलेल्याचा. खरेपणा मोजायचा तो त्याच्या सीटवरून: काटा बरोबर हलतो का, हाताला जोर बरोबर लागतो का. माझी भोकं नेमकी हवीत ती याच मापाने.

यावर मी स्वतःला बरेच दिवस एक सोयीचं उत्तर देत होतो: माझ्या कॉकपिटात मरण नाही, खऱ्या वैमानिकाला ते दिसतं, एवढाच फरक. मग मला १९९९ आठवलं. मी नऊ वर्षांचा होतो. कारगिलच्या वेळी, २४ जूनला, मिराजनी टायगर हिलवर लेसरने नेम धरलेले बॉम्ब टाकले. त्या वेळचे हवाईदलप्रमुख अनिल टिपणीस स्वतः दुसऱ्या मिराजमध्ये बसून तो हल्ला पाहायला गेले होते. विमानाला लावलेल्या पॉडमधलं चित्रण नंतर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. करड्या रंगाचा डोंगर, मध्ये फुली, फुलीखाली काहीतरी बारीक. मग एक पांढरा भपका. आवाज नाही. आमच्या चाळीत टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. माझं हे वेड बहुधा तिथूनच सुरू झालं.

तेच चित्र आज माझ्या पडवीत जसंच्या तसं आहे. उणं काही नाही. विमानातल्याला दिसलं तेवढंच मला दिसतं. मी गाळलं असं ज्याला म्हणत होतो, ते खऱ्या पडद्यावरही नव्हतं.

ते होतं जमिनीवर. जुलैच्या सुरुवातीला पायदळ ते डोंगर चढून गेलं, तेव्हा त्यांना जे सापडलं ते फुलीखालचं नव्हतं. त्या युद्धात मेलेल्या अनेक पाकिस्तानी सैनिकांना त्यांच्या देशाने सुरुवातीला आपलं म्हणायलाच नकार दिला. आपल्या जवानांनी त्यांना इस्लामी रीतीने तिथेच पुरलं. पॉडमधलं ते चित्र आणि खड्डा खणणारे हे हात, दोन्ही एकाच युद्धातले. पहिल्याची हुबेहूब नक्कल करायला मी दोन वर्षं आणि बायको रागावेल इतके पैसे घातले. दुसऱ्याचं मिशन मी कुठे पाहिलेलं नाही. असतं तर उघडलं असतं का, माहीत नाही. पुरण्याचं काम जॉयस्टिकवर करणं मला जास्त अभद्र वाटतं. म्हणजे नक्कल अर्धी ठेवावी हेच बरं, असंही मला वाटतं. पण मग तिला 'रिअलिस्टिक' म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी की नको?

माझी कधी अडखळली नव्हती. अडखळली ती मे २०२५ मध्ये. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि पुढचे तीन-चार दिवस फोन नुसता थरथरत होता. घरच्या ग्रुपवर एका काकांनी व्हिडिओ टाकला: रात्रीचं आकाश, गोळ्यांच्या रेषा, एक विमान पेटून खाली येतंय. मी दोन सेकंदांत ओळखलं. आर्मा ३, गेम आहे. त्या दिवसांत असले व्हिडिओ दोन्ही देशांत खरे म्हणून फिरत होते. मी ग्रुपवर लिहिलं, काका, धूर बघा, असा नसतो. रेषा बघा, एकसारख्या आहेत. हे खोटं आहे. काकांचं उत्तर आलं, "असू दे रे. बघायला छान वाटतंय."

मला राग आला. दिवसभर राहिला. संध्याकाळी लक्षात आलं की मी त्यांची चूक दाखवली ती धुराची. धूर बरोबर असता तर माझीही काही तक्रार नव्हती.

त्या रात्री मी डीसीएसचा मिशन एडिटर उघडला. सिम्युलेटरमधल्या मिराजला तो पॉड नाही, म्हणून एफ-१६ घेतलं. पाकिस्तान उडवतं तेच, हाही एक विनोदच. नदीवर एक पूल, पुलाजवळ चार ट्रक. ट्रकांशेजारी मी सहा माणसं ठेवली. वीस हजार फुटांवरून पॉडमधून पाहिलं. उष्णता पांढरी दिसते, त्यामुळे माणसं दिसत होती, तांदळाच्या कणीएवढी. मास्टर आर्म. खट. बॉम्ब सुटला, भपका झाला. हाताला काहीही वेगळं लागलं नाही. उतरल्यावर अहवालात ओळी आल्या: अमुक ग्राउंड वन-वन, नष्ट. ग्राउंड वन-टू, नष्ट.

एडिटरमध्ये प्रत्येक माणसाच्या नावाचा रकाना असतो. तो भरला नाही तर यंत्र असली नावं देतं. मी परत गेलो, पहिल्या माणसावर क्लिक केलं, नाव पुसलं. म्हटलं, सहा नावं घालायची आणि तेच उड्डाण पुन्हा करायचं. पहिल्यांदा जे नाव बोटांवर आलं ते 'तिकडचं' होतं. सहज आलं. ते लिहूनही झालं, काही वाटलं नाही. याच नावाचे दोघं माझ्याबरोबर शाळेत होते, हे एंटर दाबल्यावर आठवलं. ते पुसलं. मग मुद्दाम आपल्या आळीतलं एक नाव लिहायला घेतलं आणि तीन अक्षरांवर हात थांबला.

रकाना कोरा ठेवला की प्रोग्राम पुढे जाऊ देत नाही. मी बराच वेळ तसाच बसलो. बाहेर विमानतळाच्या दिशेने तटरक्षक दलाचं विमान उतरत होतं. त्या आवाजाने पॅनेलमधला एक सैल स्क्रू नेहमी वाजतो, तो वाजला. मग मी पुन्हा ग्राउंड वन-वन लिहिलं आणि पाना घेऊन स्क्रू आवळायला खाली वाकलो.